हुसेन तांडेलांचं कॅलेंडर

डॉ. दमयंती आगाशे जिना चढून वर आल्या तेव्हा दिशा सुर्वे स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती. शुक्रवारची सकाळ होती आणि गेल्या बारा दिवसांत त्या जिन्यावर एकही अशील चढलं नव्हतं.

"खाजगी तपास करणाऱ्या सुर्वे मॅडम?"

"मीच. बसा. आप्पा, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचला."

आप्पा भाटकरांनी वर्तमानपत्र उचललं आणि स्वतःच त्या खुर्चीत बसले. मग चूक लक्षात येऊन उठले. आप्पा म्हणजे दिशाच्या वडिलांचे मित्र. चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि तरीही स्कूटरवरून जाताना हमखास रस्ता चुकणारे. दिशा पूर्वी सागरी विम्याच्या कंपनीत होती. बुडालेली बोट बुडाली की बुडवली, हे ठरवणं तिचं काम. तिने नोकरी सोडून रामआळीत छापखान्याच्या वर हे ऑफिस थाटलं, तेव्हा आप्पा स्कूटरसकट रुजू झाले.

दमयंतीबाई बसल्या. साठीला आलेली, काटक बाई. बोटांच्या टोकांना काळे डाग होते, साबणाने न जाणारे.

"मी किनारी संशोधन केंद्रात आहे. सरकारी. अकरा दिवसांनी निवृत्त होते आहे. आणि सोमवारी अकरा वाजता बहुतेक मला चोर ठरवतील."

त्यांनी हे भाजीचा दर सांगावा तसं सांगितलं. दिशाला बाई तिथेच आवडली.

"काय चोरलंत?"

"एक लेप."

होडीच्या तळाला लावायचा लेप होता तो. काजूच्या टरफलाचं तेल, जांभ्या दगडाची बारीक पूड आणि चुना, ठरावीक उष्णतेला शिजवलेलं. तो लावला की तळाला शिंपले धरत नाहीत, लाकडाला कीड लागत नाही, आणि पाण्यात विष उतरत नाही.

"पण काजूचं तेल तर आपल्याकडे पूर्वापार लावतात," आप्पा म्हणाले.

"तेल लावतात, ते महिन्याभरात धुऊन जातं. लेप दीड वर्ष टिकतो. फरक पुडीत आणि शिजवण्यात आहे. २०१२ साली सुरुवात केली, २०१५ साली पेटंटचा अर्ज केला. पेटंट सरकारचं. शोधकर्ती म्हणून नाव तेवढं माझं."

"मग भानगड कुठे झाली?"

"परवाना द्यायची वेळ आली तेव्हा. पेटंट मिळाल्यावर पहिली तीन वर्षं परवाना सगळ्यांना खुला ठेवला होता. तीन कंपन्यांनी कागद नेले. एकीनेही भट्टी घातली नाही. मी कारखाना उभारायचा, मी बाजार तयार करायचा आणि मग शेजाऱ्याने तोच माल विकायचा, अशी प्रत्येकीला भीती. लेप कागदावरच राहिला. तेव्हा समितीने ठरवलं की सात वर्षं एकाच कंपनीला द्यायचा."

"सरकारी शोध एकट्या कंपनीला?" आप्पांच्या भुवया वर गेल्या.

"अटी घालून. अटी मी लिहिल्या. कारखाना याच जिल्ह्यात हवा. लहान होड्यांना ठरलेल्या दरातच विकायचं. दोन वर्षांत माल बंदरावर दिसला नाही तर परवाना आपोआप परत. चिपळूणच्या एका छोट्या कंपनीने सगळं मान्य केलं. नियमाप्रमाणे आम्ही नोटीस लावली, तीस दिवसांत कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. एकोणतिसाव्या दिवशी हे आलं."

त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर ठेवला. २०११ सालचं भिंतीवरचं कॅलेंडर. बारा पानं. तारखांच्या चौकोनांत पेनाने बारीक नोंदी केलेल्या.

दिशाने वाचलं. '१० फेब्रुवारी, गुरुवार: टरफलं खाऱ्या पाण्यात भिजत घातली, दोन दिवस.' '१२ फेब्रुवारी, शनिवार: तळ खरवडला. तेल, जांभ्याची पूड, चुना, लेप लावला.' '२३ मार्च, बुधवार: होडी वर घेतली. लेप पाहिला.' आणि पुढे, '९ नोव्हेंबर, बुधवार: तळ पाहिला. फेब्रुवारीचा लेप तसाच.'

"राजिवड्याच्या मच्छीमार वाडीतले हुसेन तांडेल," दमयंतीबाई म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मुलाने, झुबेरने, ही हरकत घेतली आहे. लेप माझ्या वडिलांचा, सरकारी बाईंनी तो उचलला, असं त्याचं म्हणणं. हे खरं ठरलं तर पेटंट पडतं. परवानाही पडतो."

"तुम्ही हुसेन तांडेलांना ओळखत होतात?"

"२०१६ पासून. अर्ज झाल्यावर लेप खऱ्या होडीवर लावून पाहायचा होता. त्यांनी होडी दिली." त्यांनी गठ्ठ्यातलं फेब्रुवारीचं पान वर काढलं. "आणखी एक वाईट गोष्ट आहे. टरफलं खाऱ्या पाण्यात भिजवणं. ते मी पहिल्या वर्षी केलं होतं आणि सोडून दिलं. पेटंटमध्ये ते नाही, कुठेही छापलेलं नाही. समितीचं म्हणणं, मग हे तांडेलांच्या कॅलेंडरात आलं कसं? तुम्हीच त्यांच्याकडून घेतलं असणार."

आप्पांनी मान हलवली. त्यांच्या मते खटला संपला होता.

"कागद आणि अक्षर?"

"कागद जुनाच आहे. अक्षर जुळतं. पक्क्या तपासणीला दोन महिने लागतील. मला दोन महिने नाहीत."

दिशाने गठ्ठा आपल्याकडे ओढला. "तेरा वर्षं एका लेपामागे घालवली आणि पेटंट सरकारचं. तुम्हाला यातून काय मिळणार?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "पण लेप माझा आहे."

केंद्र टेकडीवर होतं. आप्पा एकदाच रस्ता चुकले. देवदत्त सरपोतदार हा बाईंचा सहायक प्रयोगशाळेच्या दारातच भेटला. पन्नाशीचा, बारीक चणीचा, बोलण्यात कडू.

"पेटंटवर तुमचं नाव नाही," दिशाने सरळच विचारलं.

"नाही. सात वर्षं भांडं ढवळलं मी. ढवळणाऱ्याचं नाव येत नाही, नियम आहे. राग आला होता. अजून आहे." मग म्हणाला, "पण लेप बाईंचाच. शंभरदा फसला तो, मी पाहिलाय."

"खाऱ्या पाण्यात भिजवलेली टरफलं आठवतात?"

देवदत्त पहिल्यांदाच हसला. "विसरेन कसा? महिन्याभरात सगळा लेप पापडासारखा सुटला. हाताचा वास जाईना तर बायकोने वेगळं ताट दिलं."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"बाईंना आणि मला. आणि फाइलीत आहे."

परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या कंपन्यांना ही तांत्रिक फाइल दाखवली जायची, गुप्ततेच्या करारावर सही घेऊन. फोन बाहेर, नक्कल करायची नाही. फाइल वर्षवार लावलेली होती. कोणत्या वर्षी काय करून पाहिलं ते पुढच्या पानांवर, आणि त्यातलं काय का फसलं ते शेवटच्या परिशिष्टात. दिशाने वाचनाच्या खोलीची नोंदवही मागितली. चिपळूणच्या कंपनीची इंजिनिअर ऋजुता खेर सलग दोन दिवस, दहा ते पाच. दुसरा अर्जदार हर्षद नाचणकर एकच दिवस, अकरा दहा ते अकरा पंचेचाळीस.

"हे नाचणकर कोण?"

"परदेशी बोटरंगाचे कोकणातले वितरक. त्यांनाही परवाना हवा होता, पण दोन वर्षांची अट मान्य नव्हती. म्हणून समितीने नाही म्हटलं," देवदत्तने सांगितलं.

दुपारी दोघं राजिवड्याला गेली. आप्पांच्या खिशात पिशवी होती, कारण निघताना बायकोने सौंदाळे मासे आणायला बजावलं होतं. जुम्म्याची नमाज नुकतीच सुटली होती. खाडीच्या वाळूवर नऊ-दहा लहान होड्या एका अंगावर कलत्या करून ठेवलेल्या, आणि प्रत्येकीच्या पोटाखाली दोघं-तिघं काम करत होते. कुणी खरवडत होतं, कुणी फटीत कापूस भरत होतं, बाजूला जाळ्यांची डागडुजी चालली होती.

झुबेर स्वतःच्या होडीखाली उताणा पडून शिंपले खरवडत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. मनगटांवर शिंपल्यांनी कापल्याच्या रेघा होत्या.

"मासळी काय हाय का रे?" आप्पांनी आधी महत्त्वाचं विचारून घेतलं.

"आज जुम्मा, चाचा. दर्यावर कोणच नाय गेला. उद्या सकाळी या." मग त्याने दिशाकडे पाहिलं. "तुम्ही बाईंच्या वतीने आलात ना? सांगा त्यांना, मी खोटा नाय."

"खोटे आहात असं मी कुठे म्हटलं? कॅलेंडर कुठे सापडलं?"

"अब्बांच्या पेटीत, तळाशी. गुंडाळी करून ठेवलेला."

"आधी कधी पाहिलं नव्हतंत?"

"मी दहा वर्षं कुवेतला होतो. २०१८ ला आलो. पेटी अम्मीकडे असायची, अब्बा गेल्यावर उघडायचं मन नाय झालं." तो बसता झाला आणि हातातली पत्र्याची खरवडणी वाळूत खुपसली. "चाळीस वर्षं दर्यावर काढली त्यांनी. नाव कुठं हाय त्यांचं? कुठंच नाय. आता एवढा एक सापडला, आणि सरकार म्हणतं कंपनीला देऊन टाकतो. माझ्या अब्बांचा लेप, आणि त्यांचा नावसुद्धा नको?"

त्याचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरून आले होते. आप्पांनी नजर खाडीकडे वळवली.

घर जवळच होतं. हफीजाचाचींनी दोघांना बसवून चहा आणि खारी बिस्किटं पुढे केली. भिंतीवर एक नवंकोरं सन्मानचिन्ह होतं, 'तांडेल गौरव' असं कोरलेलं; तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. शेजारी पितळी होकायंत्र, लखलखीत.

"हे कुणी दिलं, चाची?"

"नाचणकर शेटनी. रमजानच्या आधी कार्यक्रम केला त्यांनी, गेलेल्या तांडेलांचा. आमच्यात तांडेलांचा गौरव कोण करतो, सांगा? प्रदर्शन पण होता. ह्यांची पेटी नेली, महिनाभर ठेवली, होकायंत्र घासूनपुसून परत दिला. पेटी परत आली तेव्हाच झुबेरने ती पहिल्यांदा उघडली. पावती पण दिली होती. चांगली माणसं."

पावती त्यांनी जपून ठेवली होती, सन्मानचिन्हाच्याच मागे. दिशाने वाचली आणि तिचा फोटो काढला. पेटीतल्या वस्तू: होकायंत्र एक, फोटो दोन, मासेमारीचं ओळखपत्र, जपाची तसबी, मुलाला कुवेतला लिहिलेली पत्रं चार.

"चाचा लिहायचे?"

"मराठी शाळेत चौथीपर्यंत होते. झुबेरला पत्र लिहायला बसले की मला पण बाजूला बसवायचे, काय लिहू विचारायला. मला कुठं लिहितावाचता येतं? ती पत्रं झुबेरने येताना परत आणली, मी पेटीत ठेवली."

"त्यांनी कॅलेंडरवर नोंदी केलेल्या आठवतात?"

"कॅलेंडरं दरवर्षी तीन-तीन यायची. काय लिहायचे, मी कशी सांगू?" त्या जरा घुटमळल्या. "पण आगाशेबाई चोर नाय हो. धाकटीच्या लग्नाच्या साली आल्या त्या, लेपाचा डबा घेऊन. सगळ्या वाडीने नाय म्हटलं. होडी खराब झाली तर खायचं काय? हे म्हणाले, घ्या माझी."

"लग्न कोणत्या साली?"

"सोळा साली. झुबेर कुवेतला होता, सुट्टी नाय मिळाली त्याला."

बाहेर पडल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "मला वाटतं झुबेरनेच लिहिलं. अक्षर जुळतं, पेटी त्याची, आणि बापाच्या नावासाठी मुलगा काय वाटेल ते करेल."

"आणि खारं पाणी त्याला कुणी सांगितलं?"

"तो देवदत्त. रागावलेला आहेच."

"आप्पा, तुम्ही एका दमात दोघांना आत टाकलंत," दिशा म्हणाली. "मासळी नाही मिळाली म्हणून एवढा राग नको."

शनिवारी हर्षद नाचणकरांनी दोघांना मारुती मंदिराजवळच्या गार ऑफिसात बसवलं. गोरे, गुळगुळीत, गोड बोलणारे गृहस्थ. टेबलावर रंगाच्या डब्यांची छोटी प्रतिकृती होती.

"मला परवाना नाकारला, त्याचं दुःख नाही. पण ती अट काय, दोन वर्षांत बाजारात आणा नाहीतर परत करा. धंदा असा होतो का?"

"फाइल वाचलीत?"

"चाळली. रसायनं वाचायला माझ्याकडे माणसं आहेत."

"तांडेल गौरव छान झाला म्हणे."

"मी इथलाच ना, मॅडम. या लोकांना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या चालीरीती जपतो. शुक्रवारी मी बंदरातल्या कुणाला फोनसुद्धा करत नाही. त्यांचा सुट्टीचा दिवस, कामाचं नाव काढायचं नाही. एवढा मान ठेवायलाच हवा."

"खरंय," दिशा म्हणाली. "आता पेटंट पडलं तर?"

"आनंदच. लोकांचं ज्ञान लोकांकडे गेलं. मग कुणीही लेप करावा."

हे आप्पांना फार पटलं. रविवारी ऑफिसात ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. दिशाने कॅलेंडरची बारा पानं फरशीवर मांडली होती आणि लाल पेन्सिल घेऊन ती गुडघ्यांवर रांगत होती.

"काय गो, ऐकतेस का? पेटंट पडलं तर सगळ्यांनाच मोकळीक. मग वाईट काय त्यात?"

"तीन वर्षं मोकळीकच होती, आप्पा. किती जणांनी लेप केला?"

"कुणीच नाही."

"का नाही?"

"शेजारी करेल म्हणून." आप्पा थांबले. "म्हणजे पेटंट पडलं तर चिपळूणवाली पण मागे हटेल?"

"हटेल. कर्ज काढून भट्टी कोण घालेल मग? लेप पुन्हा कागदावर. आणि होडीला रंग तर लागतोच." तिने शेवटचं पान बाजूला सरकवलं. "होडीच्या तळाच्या एकतीस नोंदी आहेत. जून-जुलै कोरे."

"त्या महिन्यांत मासेमारी बंदच असते. बरोबरच आहे."

"अगदी बरोबर आहे," दिशा म्हणाली आणि पाय पसरून भिंतीला टेकली. ती इतकी खूश दिसत होती की आप्पांनी चहा मागवला.

सोमवारी अकराला केंद्राच्या सभागृहात समिती बसली. मध्ये संचालक, एका बाजूला दमयंतीबाई आणि देवदत्त, समोर झुबेर आणि हफीजाचाची. ऋजुता खेर दाराजवळ, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. माजी अर्जदार म्हणून नाचणकरही आले होते, कुणाच्या तरी बारशाला यावं तसे प्रसन्न.

दिशाने मूळ कॅलेंडर मागून घेतलं आणि ते झुबेरपुढे ठेवलं.

"झुबेरभाई, शुक्रवारी मी आले तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"होडीचा तळ खरवडत होतो."

"गुरुवारी का नाही केलंत?"

"गुरुवारी होडी दर्यावर होती." झुबेरला प्रश्नच कळला नाही. "रोज जाते. जुम्म्याला तेवढी वर घेतो, मग सगळी कामं तेव्हाच. आमच्यात सगळेच तसंच करतात."

"तुमचे अब्बा?"

"ते पण. आम्ही लहान असताना जुम्म्याची नमाज झाली की सगळी पोरं होडीखाली."

"आता या कॅलेंडरात खरवडण्याच्या, लेप लावण्याच्या, तळ पाहण्याच्या एकतीस नोंदी आहेत. सगळी वाळूवरची कामं. यातली शुक्रवारची एक मला दाखवा."

झुबेरने पान उलटलं. मग दुसरं. त्याचं कापलेलं बोट शुक्रवारच्या ओळीवरून खाली उतरत गेलं, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत.

"नाय," तो अखेर म्हणाला. "एक पण नाय."

"नुसतं डोळे मिटून तारखा टाकल्या असत्या तरी चार-पाच शुक्रवार आले असते," दिशा म्हणाली. "म्हणजे शुक्रवार कुणीतरी मुद्दाम टाळले. तांडेल शुक्रवारी समुद्रावर जात नाहीत, एवढं त्याला माहीत होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते हेही माहीत होतं, म्हणून ते महिने कोरे सोडले. फार सावध माणूस. त्याने होडी समुद्रावर जाते ते दिवस एकेक करून निवडले आणि त्या दिवशी ती वाळूवर चढवली. हुसेन तांडेलांनी हे लिहिलं असतं तर जवळपास सगळ्या नोंदी शुक्रवारी पडल्या असत्या, आणि उरलेल्या जून-जुलैत, होडी घरासमोर नारळीच्या झापांखाली असते तेव्हा."

संचालकांनी चष्मा काढला. "म्हणजे लिहिणारा त्या घरातला नाही."

"त्या वाडीतलाच नाही. झुबेरभाई दर जुम्म्याला हेच काम करतात. खोटं लिहायला बसले असते तर हात आपोआप शुक्रवारवर गेला असता."

आप्पांनी देवदत्तकडे पाहिलं. देवदत्तने ते पाहिलं.

"आता खारं पाणी," दिशा पुढे म्हणाली. "ही गोष्ट फक्त फाइलीत आहे. मग लिहिणारा फाइल माहीत असलेला हवा. बाई स्वतःविरुद्ध लिहिणार नाहीत. राहिले देवदत्त आणि फाइल वाचणारे अर्जदार. पण कॅलेंडरात काय लिहिलंय? खाऱ्या पाण्यातल्या टरफलांचा लेप फेब्रुवारीत लावला आणि नोव्हेंबरात तसाच. देवदत्त, किती दिवस टिकला होता तो लेप?"

"महिनासुद्धा नाही. पापडासारखा सुटला."

"ज्याने तो सुटताना पाहिला तो माणूस असं लिहिणार नाही. कुणी करून पाहिलं तर महिन्यात पितळ उघडं पडेल. आणि ऋजुताताई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"परिशिष्टात आहे ना," ऋजुता म्हणाली. "मी ते पान दोनदा वाचलं."

"म्हणजे लिहिणाऱ्याने फाइलीची पुढची पानं वाचली आणि शेवटचं परिशिष्ट वाचलं नाही. छापलेलं नाही असं काहीतरी गुपित सापडलं म्हणून तो खूश झाला आणि उठला. नोंदवहीप्रमाणे दुसरे अर्जदार पस्तीस मिनिटांत उठले."

नाचणकर हसले. "हा निव्वळ अंदाज आहे, मॅडम. त्या घरात मी पाऊल ठेवलेलं नाही."

"तुम्हाला ठेवावंच लागलं नाही. पेटी तुमच्याकडे आली." दिशाने पावतीचा फोटो संचालकांपुढे ठेवला. "पेटी महिनाभर यांच्याकडे होती. नेताना काय काय होतं ते यांच्याच माणसाने लिहून सही केली आहे. होकायंत्र, फोटो, ओळखपत्र, तसबी आणि चार पत्रं. कॅलेंडर नाही. परत आली तेव्हा तळाशी कॅलेंडर होतं. आणि हुसेन तांडेलांचं अक्षर गिरवायला ती चार पत्रं महिनाभर हाताशी होती."

नाचणकरांनी पावती पाहिली. त्यांचा चेहरा तसाच राहिला, फक्त कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अशा गौरवाच्या कार्यक्रमात पन्नास माणसं राबतात," ते म्हणाले. "कुणी काय ठेवलं, मी कसं सांगू?"

"पोलिसांना सांगा. लेप अडला की खपणार तुमचाच रंग. फाइलीतलं गुपित बाहेर गेलं, त्या करारावर तुमचीच सही आहे."

"मी माझ्या वकिलाशी बोलतो," म्हणत नाचणकर उठले. संचालकांनी शिपायाला त्यांच्यासोबत बसायला सांगितलं.

झुबेर अजून कॅलेंडरकडेच पाहत होता. "मी वार बघितलाच नाय," तो कुणालाच उद्देशून न म्हणता बोलला. "अब्बांचं अक्षर दिसलं आणि पुढचं काय बघितलंच नाय. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी त्यांनी मला काहीतरी लिहून ठेवलं."

हफीजाचाचींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

संचालकांनी हरकत मागे घेण्याचा कागद पुढे केला. परवान्यावर आजच सही होईल, ते म्हणाले. झुबेरने पेन उचललं, पण सही न करता दमयंतीबाईंकडे पाहिलं.

"बाई, मी तुम्हाला चोर म्हटलं. चारचौघांत म्हटलं. आता चारचौघांत लिहून देतो." तो घुटमळला. "पेटंटमध्ये अब्बांचा नाव घालता येईल का, एवढंच विचारतो. नाय म्हणालात तरी चालेल."

सगळ्यांना वाटलं, बाई हो म्हणतील. आप्पांनी तर समाधानाने मानही हलवली.

"नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "लेप त्यांनी शोधला नाही. खोटं नाव मी घालणार नाही, ते माझं स्वतःचं असतं तरी घातलं नसतं. जे झालं तेवढं लिहा."

आप्पा दुखावले. दिशाला मात्र या कठोर बाईचा अतोनात अभिमान वाटला. तेरा वर्षं, शंभर फसलेली भांडी, आणि एक गोड खोटं बोलून सुटायची संधी आली तरी ती घेतली नाही.

झुबेरने मान खाली घालून लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होता. मग त्याने कागद बाईंच्या पुढे सरकवला.

'हा लेप डॉ. दमयंती आगाशे यांनी शोधून काढला. माझे वडील हुसेन तांडेल यांनी तो पहिल्यांदा आपल्या होडीला फक्त लावू दिला. माझी हरकत मी मागे घेतो.'

बाईंनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग काळ्या डागांच्या बोटांत पेन धरून त्यांनी 'फक्त' या शब्दावर रेघ मारली आणि कागद सहीसाठी त्याच्याकडे परत दिला.